नवं मशीन आलं, माल तेवढाच? या चुका टाळा

ठाण्याचं वागळे इस्टेट असो की नवी मुंबईतलं रबाळे, गाळ्यात नवं व्हीएमसी (धातू कापणारं कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) उतरलं की पेढे वाटले जातात. तीन महिन्यांनी मालक बँकेचा हप्ता आणि डिस्पॅच समोरासमोर ठेवतो, आणि चेहरा उतरतो.

पहिली चूक खरेदीच्या आधीच झालेली असते. हिशोब करून बघा. शिफ्ट ४८० मिनिटांची. दिवसात दोन सेटिंग, म्हणजे पुढच्या जॉबसाठी मशीन तयार करणं, प्रत्येकी ९० मिनिटं. टूल शोधणं आणि पहिला पीस पास करून घेणं यात आणखी ६० गेली. उरली २४०, सहा मिनिटांच्या सायकलने (एका जॉबला लागणारा वेळ) ४० जॉब. नव्या मशीनवर सायकल पाच मिनिटांवर आली तर ४८. पण जुन्याच मशीनवर फिक्स्चर (जॉब पकडून ठेवणारी चौकट) आणि टूल आदल्या जॉबच्या वेळीच तयार ठेवून सेटिंग ४५ मिनिटांवर आणली, तर ५५! म्हणून आधी आठवडाभर मशीन कधी आणि कशामुळे थांबलं ते वहीत लिहा. साधी वही चालेल.

दुसरी चूक सॉफ्टवेअरची. त्यातला स्टॉक गाळ्यातल्या मालाशी जुळत नसेल तर व्हेंडरला फोन लावण्याआधी आयटमची यादी उघडा. एकच बुश तीन नावांनी सापडेल: स्टोअरचं एक, ऑफिसचं दुसरं, ड्रॉइंगवरचं तिसरं. कोड एक करा. सुरुवातीला फक्त कच्चा माल आणि मालाचं चलन एवढंच सिस्टिमवर घ्या. आपल्याकडे बहुतेकांची सुट्टी शुक्रवारी. गुरुवारी शिफ्ट सुटल्यावर माल मोजा, शनिवारी सकाळी तोच आकडा टाकून सुरू करा.

मशीन थांबल्याचे आकडे संध्याकाळी आठवून भरले जात असतील तर ते गोळाबेरीजच असतात. ऑपरेटरला मशीनपाशीच लिहू द्या, आणि त्यावरून त्याला झापू नका. एकदा झापलंत की पुढे प्रत्येक थांब्याचं कारण ‘टूल चेंज’ असंच येईल.

स्क्रीनवर ‘बॅट’ (BAT, म्हणजे बॅटरी उतरली) लुकलुकतंय? फॅनुकसारख्या कंट्रोलरची (मशीन चालवणारा कॉम्प्युटर) मेमरी बॅटरी मशीनची पॉवर चालू ठेवूनच बदलायची असते, तीही माहितगार माणसाकडून, कारण पॅनेलमध्ये करंट असतो. नेहमीच्या सवयीने मेन स्विच पाडून बॅटरी काढली तर पॅरामीटर आणि प्रोग्रॅम उडू शकतात. त्यांचा बॅकअप आधी मेमरी कार्डवर घ्या. आणि ते कार्ड सर्व्हिस इंजिनीअरच्या बॅगेत नको, तुमच्या कपाटात हवं.