खानदेशच्या उन्हात टिकेल अशी बेस गिटार घरी घडवताना

बेस गिटारची मापं जगभर सारखीच असतात. पण जळगाव, धुळे, नंदुरबारकडे ती घडवायची तर आधी लाकडातल्या ओलाव्याचा विचार करावा लागतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला भिडतो, हवा कोरडीठाक होते आणि लाकूड आकसतं. जुलै-ऑगस्टमध्ये तेच लाकूड दमट हवा पिऊन फुगतं. त्यात चार तारांचा मिळून सुमारे ८० किलोचा ताण मानेवर रात्रंदिवस असतो. अर्धवट वाळलेल्या लाकडाची मान हे सोसत नाही. ती बाक धरते किंवा पिळते, आणि पिळलेली मान कोणत्याही स्क्रूने सरळ होत नाही.

म्हणून आधी लाकूड आणा, पिकअप (तारांचा कंप विजेत बदलणारा भाग) आणि ब्रिज (बॉडीवर तारा धरणारा भाग) यांची खरेदी नंतर. मानेसाठी जुन्या सागाला तोड नाही. गावोगाव धाब्याची घरं उतरवली जातात, तेव्हा तुळया आणि चौकटी निघतात. दोन पिढ्या उन्हापावसात मुरलेलं ते लाकूड आता फारसं हलत नाही. आत तुटके खिळे असतात, म्हणून चिरायच्या आधी चुंबक फिरवा. नवा साग घेतला तर सॉ मिलची पक्की पावती घ्या. फळी टोकाकडून बघा. वलयांच्या रेषा रुंद बाजूला काटकोनात, म्हणजे उभ्या असायला हव्यात. आडव्या रेषांची फळी ऋतूगणिक वाकते. गाठ असलेला तुकडा मानेला घेऊच नका.

मानेचा तुकडा ९०० मिमी लांब, ८० रुंद आणि २५ जाड असा ढोबळ कापून सावलीत, खाली पट्ट्या देऊन ठेवा. मॉइश्चर मीटर असेल तर ८ ते १० टक्के आकडा हवा. नसेल तर स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दर आठवड्याला वजन करा. लागोपाठ तीन आठवडे फरक २-३ ग्रॅमच्या आत राहिला की लाकूड ठरलं म्हणायचं. ही परीक्षा पावसाळ्यात फसवते: वजन स्थिर दिसतं, पण ते ओल्या हवेशी जुळलेलं असतं. मान आणि फ्रेटबोर्ड, म्हणजे मानेवरची बोटं दाबायची पट्टी, घडवायला फेब्रुवारी ते एप्रिल हाच काळ चांगला.

बॉडीला साग वापरता येतो, पण ४५ मिमी जाडीची सागाची बॉडी तीन किलोच्या आसपास भरते आणि पूर्ण गिटार पावणेपाच किलोवर जाते. वरातीत तीन तास खांद्यावर घ्यायची असेल तर शिवण या झाडाचं लाकूड बघा. त्याच मापाची बॉडी सव्वादोन किलोपर्यंत होते, आणि शिवण हलकी असूनही कमी हलते. मात्र हलक्या बॉडीला जड मान खाली ओढते. त्यासाठी वरचं शिंग, म्हणजे बॉडीचं मानेच्या बाजूला निघालेलं टोक, बाराव्या फ्रेटच्या (फ्रेट म्हणजे फ्रेटबोर्डवर आडवी ठोकलेली धातूची तार) रेषेपर्यंत लांब ठेवा, पट्ट्याचं बटण त्याच्या टोकाला लावा आणि हलक्या खुंट्या घ्या. बॉडीसाठी ५२० मिमी लांब, १८० रुंद अशा दोन फळ्या शेजारी चिकटवल्या की पुरे.

फ्रेटबोर्डला शिसव, ६ मिमी जाड. स्केल, म्हणजे नटपासून (मानेच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजवरच्या सॅडलपर्यंतचं (तार टेकते तो तुकडा) अंतर, ८६३.६ मिमी, म्हणजे ३४ इंच धरा. फ्रेटची जागा अशी काढतात: उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागायचं. पहिला फ्रेट ४८.४७ मिमीवर येतो. मग ८१५.१३ ला भागलं की ४५.७५, म्हणजे दुसरा ९४.२२ वर. पाचवा २१६.६३, सातवा २८७.२२, बारावा बरोबर मध्यावर ४३१.८ आणि विसावा ५९१.५८ वर. प्रत्येक खूण नटपासूनच मोजा. एका फ्रेटपासून पुढचा मोजत गेलात तर चुका साचत जातात आणि बारावा मिलिमीटरभर सरकलेला निघतो. मग ती गिटार कितीही लावा, सुरात बसत नाही. खाच गुण्या लावून, ०.६ मिमी जाडीच्या करवतीने, ३ मिमी खोल पाडा.

मान १९ मिमीवर रंधून घ्या. नटपाशी रुंदी ४२, टाचेपाशी, म्हणजे बॉडीत बसणाऱ्या टोकापाशी, ६४. मधोमध ट्रस रॉडची (मानेचा बाक कमी-जास्त करणारी लोखंडी सळी) खाच राउटरने पाडा, पण ती हातातल्या रॉडच्या मापाने. दुहेरी रॉड साधारण ६०० मिमीचा असतो. तो खाचेत बोटाने दाबून बसावा. सैल राहिला तर वाजवताना खडखडतो.

आता चिकटवणं. सागात तेल असतं. रंधल्यावर ताज्या पृष्ठभागावर अॅसिटोनचं फडकं फिरवा आणि अर्ध्या तासाच्या आत चिकटवा, नाहीतर सांधा वरवर धरतो आणि पहिल्याच उन्हाळ्यात उघडतो. बॉडीच्या फळ्यांना फेविकॉल चालतो. फ्रेटबोर्डला मात्र सावकाश जमणारं इपॉक्सी लावा. फेविकॉलमधलं पाणी पातळ शिसवात एका बाजूने शिरतं आणि तारा चढायच्या आधीच मान मागे बाकते. क्लॅम्प लावून २४ तास हात लावू नका. शिसव आणि साग दोन्हींची धूळ घशाला आणि कातडीला त्रास देते, मास्क विसरू नका.

मागची गोलाई रंधा आणि कानशीने काढा. पहिल्या फ्रेटपाशी एकूण जाडी २१ मिमी आणि बाराव्यापाशी २३. हेडस्टॉक, म्हणजे खुंट्या बसतात ते डोकं, १४ मिमी ठेवा. फ्रेट ठोकताना तारेचा खालचा दात दोन्ही कडांना मिलिमीटरभर आत छाटून घ्या. कोरड्या दिवसांत शिसव रुंदीत आकसतं आणि फ्रेटची टोकं बाहेर येऊन हात कापतात. म्हणूनच टोकांवर शेवटची कानस मे महिन्यात फिरवावी.

बॉडीत मानेचा खळगा १६ मिमी खोल, इतका घट्ट की मान बसवून उचलली तर बॉडी सोबत यावी. टाच फ्रेटबोर्डसकट २५ मिमी, त्यामुळे फ्रेटबोर्ड बॉडीच्या ९ मिमी वर राहतो आणि बाजारातला साधा ब्रिज त्या उंचीला जुळतो. ४५ मिमीचे चार स्क्रू रॉडच्या दोन्ही बाजूंनी लावा. सागात आधी ३.५ मिमीचं छिद्र पाडून स्क्रूला मेण लावा, नाहीतर डोकं तुटतं.

ब्रिजची छिद्रं घाईने पाडू नका. दोन्ही कडेच्या तारांच्या जागी नटपासून ब्रिजपर्यंत दोरा ताणा. दोन्ही बाजूंना फ्रेटबोर्डची कड सारखी उरली तरच खूण करा. सगळ्यात बारीक, म्हणजे ‘जी’ (G) तारेचं सॅडल जवळजवळ पूर्ण पुढे घेऊन ८६४ मिमीवर ठेवा. जाड ई तारेचं सॅडल सूर जुळवताना ५-६ मिमी मागे जातं, तेवढी जागा मागे हवी.

पिकअप दोन तुकड्यांचा प्रिसिजन पद्धतीचा घ्या. त्याच्या दोन अर्ध्या भागांतली गुरगुर एकमेकींना खोडते. दोन्ही तुकड्यांचा सांधा सॅडलपासून १४० ते १४५ मिमीवर, ई-ए चा तुकडा मानेकडे. व्हॉल्यूम आणि टोनला २५० किलोओहमचे पॉट (नॉबने फिरवायचे रोधक), टोनला ४७३ छापलेला कपॅसिटर. पिकअपच्या खळग्याला आतून तांब्याची पट्टी लावा आणि ब्रिजखालून एक तार जमिनीच्या जोडणीला आणा.

या तारेमुळे वाजवणाऱ्याचे हात अर्थिंगला जोडले जातात, हे नीट ध्यानात घ्या. उन्हाळ्यात जमीन वाळली की घरचं अर्थिंगही कमजोर पडतं, आणि मांडवात तर वीज कुठून ओढलेली असते सांगता येत नाही. अॅम्प्लिफायर आणि माइक एकाच बोर्डवरून चालवा, मध्ये ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. वाजवण्याआधी माइकची जाळी आणि गिटारची तार यांच्यात मल्टीमीटरवर एसी व्होल्टेज बघा. ते शून्याच्या जवळ नसेल तर वायरमन आल्याशिवाय गिटार हातात घेऊ नका.

लॅकर पावसाळ्यात मारलं तर दुधाळ होतं, तेव्हा तेही पावसाच्या आधीच आटपा. ४५ ते १०५ चा (जाडी इंचाच्या हजाराव्या भागात) तारांचा संच चढवून एक दिवस ताणात राहू द्या. मग पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून सातव्यापाशी तार आणि फ्रेट यांत ०.३ मिमी फट ठेवा. बाराव्यावर ई तार २.५ आणि जी २ मिमी उंच. रॉड एका वेळी पाव फेराच फिरवा आणि तासभर थांबून पुन्हा मोजा. पोळ्याच्या सुमारास आणि पुन्हा होळीनंतर ही फट तपासा. मेच्या उन्हात बंद गाडीत किंवा टेम्पोच्या टपावर गिटार ठेवू नका, तिथल्या तापात कुठलाच गोंद भरवशाचा राहत नाही.