जुने टॅक्टिकल गेम पुन्हा काढताय? मग या चुका तरी टाळा

सप्टेंबर २०२५ मध्ये 'फायनल फँटसी टॅक्टिक्स' (यापुढे नुसतं टॅक्टिक्स) नव्या रूपात आला आणि आमच्या कंपूला जुन्या टॅक्टिकल गेमांचा, म्हणजे पाळीपाळीने आपली माणसं हलवून लढायच्या गेमांचा, झटका पुन्हा आला. कोणी 'फायर एम्ब्लेम' काढून बसलंय, कोणी 'फ्रंट मिशन', एकाने तर १९९४ चा 'एक्स-कॉम' शोधून आणला. नवे भिडूही आलेत: दोन-तीन कॉलेजची पोरं, एक बँकवाला, एक दाताचा डॉक्टर. आनंदच आहे. पण रविवारी नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात जमलो की तक्रारी त्याच आणि त्यांच्यामागच्या चुकाही त्याच. दर वेळी तोंडाने सांगून कंटाळलो, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. यापुढे कोणी विचारलं की हेच पुढे सरकवणार.

सगळ्यात आधी सेव्ह स्टेट.

एम्युलेटरवर, म्हणजे जुना कन्सोल कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, एक बटण दाबलं की खेळ आहे त्या क्षणी गोठतो, दुसरं दाबलं की तिथूनच सुरू होतो. सोय चांगली आहे, मीही वापरतो. जेवायला हाक आली की दाबायचं आणि उठायचं. पण नव्या लोकांना वाटतं हाच सेव्ह. गेमच्या आतला सेव्ह, म्हणजे मेमरी कार्डावर जाणारा, तो करायचा ते विसरूनच जातात. केला तरी एकाच जागेवर, जुन्यावर नवा. पीएस-वनच्या, म्हणजे पहिल्या प्लेस्टेशनच्या, मेमरी कार्डात पंधरा ब्लॉक असतात आणि टॅक्टिक्सचा एक सेव्ह एकच ब्लॉक खातो. पंधरा जागा रिकाम्या असताना माणूस एकाच जागेवर का गिरवतो, हे मला अजून कळलेलं नाही.

आमच्या बँकवाल्याचं काय झालं ते ऐका. टॅक्टिक्सच्या तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी रिओव्हानेस किल्ला येतो. आधी फाटकावर लढाई. ती जिंकली की गेम विचारतो, सेव्ह करायचं का? माणूस खुशीत 'हो' म्हणतो. पुढच्या लढाईत गेमचा नायक रामझा एकटा, समोर शत्रू सरदार वीग्राफ. बाकीची पार्टी बाहेर. वीग्राफला पाडलं की तो राक्षस होऊन उभा राहतो आणि मग कुठे आपली माणसं आत येतात. यातली गोम अशी की जुन्या आवृत्तीत फाटक आणि आतली लढाई यांच्यामध्ये नकाशावर परतताच येत नाही. दुकान नाही, किरकोळ लढाया मारून नवं कसब शिकणं नाही. रामझा कच्चा असेल तर कच्चाच राहणार.

बँकवाल्याचा रामझा कच्चाच होता. साहेबांनी सगळे गुण पार्टीतल्या नाइट आणि मंक (तलवारवाले आणि मुक्केवाले) लोकांवर ओतलेले, रामझा आपला मागे उभा राहून दगड मारायचा. फाटक जिंकलं, एकुलत्या एका जागेवर सेव्ह केलं, आत गेले आणि पहिल्या दोन तलवारींत रामझा आडवा. पुन्हा लोड, पुन्हा आडवा. मला फोन. मी म्हटलं, नकाशावरचा सेव्ह लोड कर. तर तो नाहीच. "पण स्टेट आहे ना भाऊ, फाटकाच्या आधीचा!" म्हणून उघडायला गेला, तर मधल्या काळात एम्युलेटर अपडेट करून बसलेला. जुन्या आवृत्तीचा स्टेट नव्यात उघडेचना. "आता काय करू बे?" मी काय सांगणार? पहिलं प्रकरण, पहिली लढाई. दिवाळीपर्यंत आमच्याशी धड बोलत नव्हता, जणू किल्ला मीच बांधला होता.

याहून वाईट प्रकारही होतो. काही एम्युलेटर स्टेटसोबत मेमरी कार्डाचीही त्या वेळची प्रत ठेवतात. तुम्ही आठवडाभर कार्डावर नीट सेव्ह केलंत आणि सहज म्हणून महिन्याभरापूर्वीचा स्टेट उघडलात, तर कार्डही महिनाभर मागे जातं. त्यावर पुन्हा सेव्ह केलंत की आठवडा गेला. सेटिंगमध्ये हे बंद करायची सोय बहुतेक असते. खेळ सुरू करायच्या आधी ती शोधा.

माझी पद्धत सांगतो. कार्डावर तीन जागा आळीपाळीने वापरायच्या. चौथी जागा फक्त नकाशावरच्या सेव्हसाठी, किल्ला किंवा मठ असं नाव दिसलं की आत शिरायच्या आधी तिथे एक. लढायांच्या मध्ये गेम सेव्ह विचारेल तेव्हा या चौथ्या जागेला हात लावायचा नाही. आणि रामझाला ऑटो-पोशन शिकवून ठेवायचं. केमिस्ट या औषधवाल्या पेशाचं कसब आहे, मार बसला की आपोआप औषध पितो. पण पीएस-वनच्या आवृत्तीत तो झोळीतलं सगळ्यात हलकं औषध आधी पितो. म्हणून साधी पोशन सगळी विकून टाकायची, झोळीत फक्त वरच्या दर्जाची ठेवायची. एवढं केलंत तर वीग्राफ जेरीला येतो. मला रिओव्हानेस अन्यायी वाटत नाही. मुख्य पात्राला मागे ठेवून खेळणाऱ्याला गेमने एकदा तरी पकडायलाच हवं.

दुसरी चूक माझ्या डोक्यात जाते: फास्ट-फॉरवर्ड, म्हणजे एम्युलेटरवर बटण दाबून खेळ पळवणं.

"शत्रूची टर्न बघून काय करायचंय?" हा प्रश्न कॉलेजच्या पोराने मला खरंच विचारला. अरे बाबा, निम्मा गेम तिथेच आहे. टॅक्टिक्समध्ये जादू लगेच फुटत नाही. म्हटली की तिला वेळ लागतो, तोवर मधल्या लोकांच्या चाली होतात. कोण कधी हलणार आणि कोणती जादू कधी फुटणार, याची यादी गेम स्वतः दाखवतो. जादू टाकताना आणखी एक प्रश्न येतो: जागेवर टाकायची की माणसावर? माणसावर टाकलीत तर तो जिथे जाईल तिथे जादू मागोमाग जाते.

मे महिन्यातली दुपार, कूलर घरघरतोय, पोराच्या हातात कंट्रोलर. त्याच्या ब्लॅक मेजने, म्हणजे जादूगाराने, एका शत्रू नाइटवर मोठी आग टाकली, माणसावर. यादी बघितली नाही. लगेच फास्ट-फॉरवर्ड दाबलं आणि तर्रीपोह्याची प्लेट उचलली. पडद्यावर माकडं नाचल्यासारखी सगळी धावाधाव. त्या नाइटची पाळी आगीच्या आधी होती. तो चालत चालत थेट पोराच्या माणसांच्या घोळक्यात येऊन उभा राहिला आणि आग तिथे फुटली. नाइट वाचला. पोराचे दोन आर्चर आणि खुद्द मेज पडला. पोराने वर बघितलं आणि म्हणाला, "गेमने फसवलं." आम्ही हसून हसून लोळलो. "गेमने नाही राज्या, तुझ्या घाईने," डॉक्टर म्हणाला. पडलेल्या माणसाच्या डोक्यावर तीन-दोन-एक असा आकडा चालतो, शून्यानंतरही त्याला उठवला नाही तर तो कायमचा जातो. पोराला हेही माहीत नव्हतं, कारण तो आकडाही फास्ट-फॉरवर्डमध्ये निघून जातो. एक आर्चर तसाच गेला.

पीएसपीवरच्या (हातातल्या प्लेस्टेशनवरच्या) २००७ च्या आवृत्तीत जादूच्या वेळी खेळ रखडतो, तिथे वेग वाढवायचा मोह मी समजू शकतो. पण मी वेग वाढवतो तो फक्त पाहून झालेल्या जादूच्या देखाव्यापुरता, आणि बटण दाबून धरलं तरच वेग वाढेल असं सेटिंग ठेवतो. एकदा दाबलं की चालूच राहतं असं ठेवलंत तर हात पोह्यांकडे जाणारच.

आता फायर एम्ब्लेमवाल्यांची रड. "घाव लागायची शक्यता नव्वद टक्के दाखवतो आणि चुकतो!" गेमबॉय ॲडव्हान्सवरच्या फायर एम्ब्लेममध्ये, म्हणजे २००२ पासूनच्या तीन भागांत, घाव लागला का हे ठरवायला गेम चिठ्ठी काढावी तसे एकाऐवजी दोन आकडे काढतो आणि त्यांची सरासरी धरतो. त्यामुळे पडद्यावरचे नव्वद प्रत्यक्षात अठ्ठ्याण्णवच्या वर असतात आणि शत्रूचे तीस जेमतेम अठरा. गेम तुमच्याच बाजूने झुकलेला आहे, तरी बोंब. सुपर फॅमिकॉम या आधीच्या कन्सोलवरच्या जुन्या भागांत असा झुकाव नाही, तिथे नव्वद म्हणजे नव्वद. म्हणून १९९६ चा भाग खेळताना गेमबॉयची सवय घेऊन जाऊ नका. आणि मिस झाला की बंद करून पुन्हा चालू करण्यातही अर्थ नाही. गेमबॉयवर मध्येच थांबवलेला डाव उघडून तीच चाल केलीत तर तेच होतं. चाल बदला.

मार्कस, म्हणजे याच गेमबॉयच्या फायर एम्ब्लेममध्ये सुरुवातीलाच मिळणारा घोडेस्वार म्हातारा. त्याच्याकडून सगळे बळी घेऊ नका, बाकीचे उपाशी राहतात. पण कुठेतरी वाचून त्याला कोपऱ्यात बसवून ठेवणारे त्याहून शहाणे. भाला देऊन पुढे उभा करा, शत्रू अर्धमेले करू द्या, शेवटचा घाव पोरांचा.

टॅक्टिक्समध्ये लेव्हल वाढवत बसू नका. किरकोळ लढायांतले शत्रू तुमच्या लेव्हलप्रमाणे वाढतात.

१९९४ च्या एक्स-कॉममध्ये मूळ डॉस आवृत्तीत एक प्रसिद्ध दोष आहे: सेव्ह केलेला खेळ उघडला की अवघडपणा गुपचूप सगळ्यात सोप्या पातळीवर येतो. "मी सुपरह्यूमनवर (सगळ्यात अवघड पातळीवर) जिंकलो" असं डॉसवाला सांगू लागला की मी चहा मागवतो. ओपन-एक्स-कॉम या चाहत्यांनी बनवलेल्या आवृत्तीवर खेळा, तिथे तो दुरुस्त केलाय.

मेकावाल्यांसाठी, म्हणजे आत माणूस बसून चालवायच्या अजस्र लढाऊ यंत्रांच्या शौकिनांसाठी, दोन गोष्टी. फ्रंट मिशनमध्ये यंत्राचे चार भाग असतात: धड, दोन हात, पाय. धड फुटलं की यंत्र गेलं. नवखे मशीनगनची हौस करतात. तिच्या गोळ्या चारही भागांवर विखुरतात, सगळं ओरबाडलं जातं आणि मरत कोणीच नाही. मी समोरच्या फळीत एकाच्या हातात मशीनगन ठेवतो, बाकीच्यांकडे एका जागी जोरात बसणारी हत्यारं. शत्रूचा हत्यारवाला हात तुटला तरी तो निरुपद्रवी होतो, मग घाई कसली? दुसरं, 'फ्रंट मिशन ३' संपवला असं सांगणाऱ्या दहांपैकी नऊ लोकांनी अर्धाच खेळलेला असतो. सुरुवातीला नायकाचा मित्र र्योगो एक साधा प्रश्न विचारतो, सोबत येतोस का? त्या उत्तरावर गोष्ट फुटते: एकीकडे एमा, दुसरीकडे अलिसा. दोन्ही पूर्ण लांबीच्या. तो प्रश्न बटण दाबत दाबत पुढे ढकलणारे हेच ते फास्ट-फॉरवर्डवाले.

'सुपर रोबोट वॉर्स' कुठून सुरू करू, असं विचारतात आणि उत्तर ऐकायच्या आत १९९१ च्या गेमबॉयवाल्या पहिल्या भागापासून सुरू करतात. का? क्रमाने बघायला ही काही घरची मालिका नाही. इतक्या वेगवेगळ्या मालिकांचे रोबोट एकत्र येतात की हक्कांच्या गुंत्यामुळे बरेच भाग इंग्रजीत आलेच नाहीत. 'ओरिजिनल जनरेशन'मध्ये पात्रं बनवणाऱ्यांची स्वतःची, म्हणून तो २००६ मध्ये अमेरिकेत इंग्रजीत आला. तिथून सुरू करा, किंवा २०२१ च्या 'थर्टी'पासून. आणि स्पिरिट कमांड, म्हणजे पायलटच्या खास शक्ती, साठवून ठेवू नका. बॉससाठी म्हणून राखतात आणि बॉस मेल्यावर सगळे शाबूत, अशी माणसं मी बघितली आहेत. सांभाळून ठेवण्यात नागपूरचा माणूस हुशार, पण लग्नातली भांडी वेगळी आणि हे वेगळं.

चित्र ताणू नका. जुना खेळ चार-तीनच्या चौकटीतला आहे, रुंद टीव्हीवर रामझा जाडा दिसतो. टीव्हीवर गेम मोड असेल तर चालू करा.

खरा कन्सोल असेल तर तो कूलरच्या झोतात ठेवू नका. हे मी फक्त नागपूरकरांसाठी लिहितोय. पंचेचाळीस डिग्रीत माणसाला कूलर लागतो, पण त्या हवेत पाण्याचे बारीक थेंब आणि बोअरच्या पाण्याचे क्षार असतात. पंख्यातून ते आत जातात आणि लेन्सवर पांढरी पूड बसते. आमच्याकडे आलेला एक पीएस-टू असाच डिस्क वाचेना, उघडला तर आत भिंतीला चुना लावावा तसा थर. मग मालक म्हणतो, "डिस्कच खराब आहे." कन्सोल बाजूच्या भिंतीला, जमिनीपासून वर. आणि छोटा का होईना यूपीएस लावा. उन्हाळ्यात लाइट गेली की चाळीस मिनिटांची लढाई जाते, आणि इन्व्हर्टरवर बदलतानाचा झटका जुन्या यंत्राला सोसेलच असं नाही.

शेवटचं, कंपूत खेळण्याबद्दल. कंट्रोलर ज्याच्या हातात, चाल त्याची. सोफ्यावरून "हिकडे नको, तिकडे जा" सुरू झालं की मी खेळ थांबवतो. गोष्ट माहीत असलेल्यांनी तोंड बंद ठेवायचं. 'टॅक्टिक्स ओगर'मध्ये मोठा निर्णय समोर येतो आणि गोष्ट तीन वाटांनी जाते. त्या जागी डॉक्टरसाहेब घसा खाकरतात आणि समोरच्याला कळतं. आता त्या प्रसंगाला आम्ही त्यांना चहा आणायला पाठवतो. एक्स-कॉममध्ये सैनिकांना आपल्या मित्रांची नावं देता येतात, ती जरूर द्या. मात्र बँकवाल्याने एकाला साहेबांचं नाव दिलं आणि पहिल्याच मोहिमेत उतरणीवरून सगळ्यात पुढे पाठवलं. तसं करायचं असेल तर साहेब खोलीत नाहीत हे आधी बघून घ्या.