नाक खाली केलं की स्पिटफायर गचके खायचं

विमान उडवायच्या सिम्युलेटरमधलं माझं लाडकं विमान म्हणजे स्पिटफायर मार्क १, दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान. पण जर्मन मेसरश्मिट १०९ चा पाठलाग करताना नाक झटकन खाली दाबलं की इंजिन गचके खायचं आणि तो निसटायचा. आठवडाभर मी जॉयस्टिकलाच शिव्या घातल्या, दोनदा कॅलिब्रेटही केली!

दोष होता कार्ब्युरेटरचा, म्हणजे इंधन आणि हवा मिसळणाऱ्या भागाचा. स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनात तो फ्लोटवाला, म्हणजे तरंगत्या फ्लोटने इंधनाची पातळी सांभाळणारा. नाक झटकन दाबून ऋण जी लागला, म्हणजे सगळं वर फेकलं जायला लागलं, की इंधन वर उसळतं, पुरवठा बिघडतो. १०९ मध्ये थेट इंजेक्शन, म्हणजे इंधन सरळ सिलिंडरमध्ये फवारलं जातं; त्याला ढिम्म फरक पडत नाही.

आता मी आधी अर्धा रोल घेऊन उलटा होतो, मग स्टिक पोटाशी ओढतो. जी धनच राहतो, इंजिन घुमत राहतं. शत्रू क्षणभर नजरेआड होतो, तेवढं सोसायचं. नाहीतर १९४१ मधली, ब्रिटिश अभियंत्या बिआट्रिस शिलिंग यांची, इंधनाचा लोंढा रोखणारी चकती बसवलेली आवृत्ती घ्या.