खळ्यातली बालवाडी: ओरडा कमी कसा करावा

मुलांशी गोडच बोलायचं, असं ठरवून फार दिवस निभत नाही. "नको, हात लावू नको, पडशील" असं सतत म्हणावं लागेल अशी जागा असली, की कितीही मायाळू बाई अकरा वाजेपर्यंत खेकसायला लागते. म्हणून आधी जागा बघा. आमच्या वेंगुर्ल्याकडे दिवाळीनंतर खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, सारवून होतं, वर चुडतांचा, म्हणजे माडाच्या झावळ्यांचा, मांडव पडतो. मिरगाचा पाऊस लागेपर्यंत आमची बालवाडी तिथेच, मग पडवीत.

विहिरीवर जाळी टाका. चटया झटकूनच अंथरा, पाचोळ्यात विंचू असतो. गडगा, म्हणजे दगडी कुंपण, ढासळला असेल तिथे आडवे बांबू घाला. आणि काजूच्या हंगामात बियांची रास खळ्यात नको. टरफलातलं तेल लागलं की अंग उततं, फोड येतात. चिंचोके अगदी लहानांना देऊ नका, थेट नाकात जातात. एवढं केलं की तीन नियमांवर भागतं: गडग्यापलीकडे जायचं नाही, कोणाला मारायचं नाही, घेतलेली वस्तू जागेवर ठेवायची. ते मात्र रोज तेच हवेत. आज हसून सोडलंत आणि उद्या डोळे वटारलेत, तर पोरांनी काय समजायचं?

खेळ विकत आणायची गरज नाही. करवंट्या, शिंपले, धुऊन वाळवलेली वाळू, एक छोटा तांब्या. फळी मुलाच्या कमरेच्या उंचीवर ठेवा, म्हणजे कोणाला मागावं लागत नाही.

पाणी ओतायला शिकवायचं तर शेजारी मांडी घालून बसा. तांब्याची कड करवंटीला टेकवा, सावकाश कलता करा, शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबा. या वेळी तोंड बंद. बोललात की मूल हात सोडून तुमच्या तोंडाकडे बघतं. मग तांब्या त्याला द्या आणि स्वतःचे हात मांडीवर ठेवा. मोठ्यांना हेच जमत नाही, आपले हात आपोआप पुढे जातात. पाणी सांडणारच. सारवलेल्या जमिनीत ते जिरतं. पडवीत लादी असेल तर खाली परात ठेवा. "सांडलं? फडकं तिथे आहे." बस्स. पुसणं हाही मुलांना खेळच वाटतो, कधीकधी ओतण्यापेक्षा जास्त आवडता.

झिल, म्हणजे मुलगा, आपल्या मालवणीत "माका पानी व्हया" (मला पाणी हवं) म्हणाला तर आधी पाणी द्या. "असं नाही, नीट बोल" म्हटलं की तो उद्यापासून मागणारच नाही.

नवीन मूल रडत असेल तर आईला पडवीच्या कडेला बसू द्या. तिने भाजी निवडत बसावं, मुलाला ढकलू नये. आणि जाताना सांगून जावं. लपून गेली तर दुसऱ्या दिवशी मूल पदर सोडत नाही.

कोणी चावलं तर आधी ज्याला चावलं त्या मुलाला जवळ घ्या. चावणाऱ्याला दुसरा हात लावून बाजूला बसवा, खाली वाकून हळू आवाजात सांगा, "दुखतं त्याला." चारचौघांत माफी मागायला लावू नका, ती पोपटपंची होते.

"खळ्यात कसली शाळा?" असं कोणी विचारलं की मी बोर्डीचं नाव घेते. याच किनाऱ्याच्या उत्तर टोकाला 1945 साली ताराबाई मोडकांनी अनुताई वाघांना सोबत घेऊन बालशिक्षणाचं काम सुरू केलं. वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. हे सांगितलं की आजोबा मंडळी गप्प होतात.

आया मात्र होत नाहीत, त्यांना वहीत अ-आ हवं असतं. त्यांना एकदा सकाळी बसवून घ्या. वाळूत बोटाने गिरवणं, वाल सोलणं, अबोलीची फुलं दोऱ्यात ओवणं यांनी बोटं तयार होतात, हे त्यांना डोळ्यांनी दिसू दे. पेन्सिल त्यानंतर, आणि तीही मुलाने मागितली की.