बर्नआउटचे शिल्प: टेराकोटामध्ये एक पोकळ, बसलेली आकृती घडवताना

अतिकामातून आलेल्या बर्नआउटवर शिल्प करायचे म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर दोन्ही हातांत डोके धरून बसलेली आकृती येते, नाहीतर जळून वाकलेली आगकाडी किंवा राखेचा ढीग. या तिन्ही कल्पना सुरुवातीलाच बाजूला ठेवाव्यात. हातांत डोके धरणे हा दुःखाचा आविर्भाव आहे, आणि राख म्हणजे घडून संपलेली गोष्ट. बर्नआउट झालेला माणूस मात्र संपलेला नसतो. तो दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर हजर असतो, आलेल्या प्रत्येक निरोपाला उत्तर देतो, बैठकीत मान डोलावतो, आणि शिल्पात पकडायला अवघड आहे ते हेच. शरीराची मुद्रा कामाचीच राहिलेली आहे, पण तिला आतून धरून ठेवणारे काही उरलेले नाही, ही अवस्था दाखवण्याचा एक सरळ मार्ग मातीजवळ आहे: आकृती पोकळ घडवावी आणि ती पोकळी लपवू नये.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या रोगांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात बर्नआउटला आजार न म्हणता व्यवसायाशी निगडित अवस्था म्हटले आहे, आणि तिची तीन अंगे सांगितली आहेत: शक्ती संपून गेल्याची भावना, कामापासून वाढत गेलेला मानसिक दुरावा किंवा कामाविषयीचा कडवटपणा, आणि आपण कामात उणे पडतो आहोत ही जाणीव. शिल्प करणाऱ्याला ही विभागणी उपयोगी पडते, कारण पहिले अंग मातीच्या भिंतीच्या जाडीतून दाखवता येते, दुसरे डोक्याच्या रोखातून आणि तिसरे हातांमधून. तरीही तिन्ही गोष्टी सारख्याच जोराने सांगू पाहणारे शिल्प गोंगाट करते, म्हणून एकीला पुढे ठेवून बाकीच्या दोन मागे राहू द्याव्यात. येथे शक्ती संपण्याला, म्हणजे पोकळीला, पहिला मान दिला आहे.

काम सुरू करण्यापूर्वी दोन जुनी शिल्पे, निदान छायाचित्रांतून, नीट पाहावीत. बेल्जियमच्या काँस्टँटिन म्यूनिए याने १८८० च्या दशकात केलेला भट्टीवरचा लोखंड कामगार बसकण मारून बसला आहे, त्याचे तोंड अर्धवट उघडे आहे आणि सगळे वजन खाली ओघळले आहे. हा शरीराचा थकवा आहे, आणि रात्रभर झोप मिळाली तर हा माणूस सकाळी उठेल असे पाहणाऱ्याला वाटते. फ्रान्सच्या रोदँने १८८१ च्या सुमारास घडवलेली, दगडासकट कोसळलेली स्तंभकन्या, म्हणजे खांबासारखा भार पेलणारी स्त्रीमूर्ती, मात्र आपल्या विषयाच्या फार जवळची आहे, कारण ती खाली बसली आहे, घडी होऊन गेली आहे, तरी तिने खांद्यावरचा दगड सोडलेला नाही. आपल्याला यापुढे एकच पाऊल टाकायचे आहे: दगड काढून घ्यायचा आणि मुद्रा तशीच ठेवायची.

मुद्रा शोधताना मॉडेलला ‘थकल्यासारखे बस’ असे कधीही सांगू नये. सांगितले की माणूस अभिनय करतो, आणि अभिनयातला थकवा नेहमी मोठा, सैल आणि देखणा असतो. त्याऐवजी मॉडेलला स्टुलावर बसवून त्याचे नेहमीचे काम खरोखर करायला लावावे, मग ते संगणकावरचे असो, शिवणयंत्रावरचे असो वा तपासायच्या उत्तरपत्रिकांचे, आणि वीस-पंचवीस मिनिटांनी, तो कामात बुडालेला असताना, त्याला आहे तसेच थांबायला सांगून समोरचे टेबल हलकेच बाजूला घ्यावे. त्या क्षणी जे उरते तेच आपले शिल्प. समोरून, दोन्ही बाजूंनी, मागून आणि वरून छायाचित्रे काढावीत. त्यांत दिसेल की कटी मागे कलंडली आहे, पाठीचा कणा कमानीसारखा वाकला आहे, छाती आत गेली आहे आणि मान पुढे झुकून हनुवटी किंचित वर उचलली गेली आहे. खांदे पाडलेले नसून कानांकडे ओढलेले असतात, हे तर हमखास दिसते. या एका तपशिलावर सगळे शिल्प उभे राहते, कारण पडलेले खांदे विश्रांतीचे असतात, तर चढलेले खांदे अजूनही काही तरी उचलून धरत असतात.

हातांवर सर्वांत जास्त वेळ घालवावा. टेबल काढून घेतल्यावर मनगटे हवेत थोडी खाली येतात, पण बोटे अर्धवट वळलेलीच राहतात. तर्जनी आणि मधले बोट उरलेल्या दोन बोटांपेक्षा जरा वर असतात आणि अंगठा तळव्याकडे न मिटता बाजूला तरंगत राहतो. हात शरीराच्या मानाने थोडे मोठे केले तरी चालतील. त्यांत हत्यार, फाइल किंवा लॅपटॉप मात्र देऊ नये, कारण वस्तू दिली की शिल्प एका विशिष्ट नोकरीचे होऊन बसते आणि पाहणारा ‘माझे काम वेगळे’ म्हणून सुटतो. चेहऱ्याचे उलट आहे: त्यावर जितके कमी काम होईल तितके बरे. डोळे उघडे असावेत, वरची पापणी थोडी जड असावी, बुबुळे कोरू नयेत आणि ओठांचे कोपरे खाली ओढू नयेत. समोरचा बोलतो आहे आणि आपण सभ्यपणे ऐकतो आहोत, इतकाच भाव पुरेसा असतो. रडवेला चेहरा या विषयाचा घात करतो.

आता माती. भाजल्यानंतर शिल्प चाळीस सेंटीमीटर उंच हवे असेल तर ओल्या मातीत ते साधारण साडेचव्वेचाळीस सेंटीमीटरचे करावे, कारण वाळताना आणि भाजताना मिळून माती ८ ते १२ टक्के आक्रसते. मातीत तिच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतका ग्रॉग, म्हणजे भाजलेल्या मातीचा बारीक भुगा, मिसळावा. त्याने आक्रसणे कमी होते आणि भिंतीत ओल अडकून राहत नाही. मोठ्या कामाआधी वीतभर उंचीचा कच्चा नमुना भरीव मातीत करून पाहावा आणि तो दूर ठेवून, डोळे बारीक करून, नुसत्या बाह्यरेषेवरून मुद्रा कळते का हे तपासावे. कळत नसेल तर पुढचे तपशील तिला वाचवणार नाहीत.

मूळ शिल्पात तारेचा सांगाडा वापरू नये. भट्टीत माती आक्रसते, तार आक्रसत नाही आणि भिंत फुटते. शिवाय येथे आतून आधार नसणे हाच विषय आहे. पाटावर वर्तमानपत्राचे दोन थर घालून त्यावर स्टूल पोकळ पेटीसारखे उभारावे, म्हणजे आक्रसताना तळ पाटाला चिकटून चिरणार नाही. पाय आणि मांड्या मातीच्या वळ्यांनी नळीसारख्या घडवून कटीला जोडाव्यात आणि तिथून वळीवर वळी चढवत धड वर न्यावे. प्रत्येक सांध्यावर दोन्ही पृष्ठभाग खरवडून, त्यांना मातीचा दाट लगदा लावून, आतून व बाहेरून बोटाने माती ओढून सांधा मिटवावा. दहा-बारा सेंटीमीटर काम चढले की थांबावे, वरची कड ओल्या फडक्याने झाकून खालचा भाग चामट, म्हणजे चामड्यासारखा घट्ट पण अजून ओलसर, होऊ द्यावा, आणि मगच पुढे जावे. घाई केली तर धड स्वतःच्या वजनाने बसते. (ज्याने हा विषय स्वतःच्या अनुभवातून निवडला असेल, त्याला माती येथे सक्तीची सुटी देते, आणि ती घ्यावी.)

भिंतीची जाडी स्टुलापाशी बारा मिलिमीटर ठेवून वर जाताना हळूहळू कमी करत खांद्यांपाशी सहा मिलिमीटरपर्यंत आणावी. हा बदल अगदी सावकाश झाला पाहिजे. जाड आणि पातळ भाग एकदम शेजारी आले तर पातळ भाग आधी वाळून आक्रसतो आणि तिथेच तडा जातो. पुढे आलेले हात वाळेपर्यंत खचू नयेत म्हणून त्यांच्याखाली त्याच मातीचे ठोकळे टेकू म्हणून ठेवावेत. ते शिल्पाबरोबरच आक्रसतात, लाकडी टेकू तसे करत नाहीत. पंजे वेगळे करून, मनगटाची आणि हाताची ओल सारखी असतानाच जोडावेत.

डोके बसवताना ओळंबा हाताशी असावा. ताठ बसलेल्या माणसाच्या कानातून सोडलेली दोरी ढोबळमानाने खांद्याच्या मध्यावर येते. या शिल्पात ती खांद्याच्या अडीच-तीन सेंटीमीटर पुढे पडली पाहिजे. त्याहून कमी अंतर असेल तर आकृती नुसती वाचत बसल्यासारखी दिसते आणि फार जास्त असेल तर डुलकी लागल्यासारखी. डोके टेकूवर तोलून, चारी बाजूंनी पाहून, मगच सांधा पक्का करावा.

यानंतर आकृती उघडायची. माती चामट असताना पाठीवर, दोन्ही खवाट्यांच्या मध्ये, पंजा जाईल इतका उभा भाग धारदार सुरीने कापून काढावा. कड स्वच्छ ठेवावी. फाटलेली, ओबडधोबड कड जखमेसारखी दिसते आणि कोणीतरी हल्ला केल्याची गोष्ट सांगू लागते, तर स्वच्छ कड केवळ भिंत किती पातळ आहे एवढेच दाखवते. समोरून येणाऱ्याला पुरी माणसाची आकृती दिसावी आणि फेरी मारून मागे गेल्यावरच आत काही नाही हे कळावे, म्हणून हे उघडणे बाजूने दिसणार नाही इतके अरुंद असावे. डोक्याची पोकळी मानेतून धडाशी जोडलेली आहे ना, हेही याच वेळी पाहून घ्यावे.

वाळवण्यासाठी दोन आठवडे तरी द्यावेत. सगळे शिल्प प्लॅस्टिकने सैल झाकावे आणि बोटे व कान वेगळे गुंडाळावेत, कारण ते सर्वांत आधी वाळतात. माती गालाला लावून थंड लागली तर आत ओल आहे असे समजावे. कोरडी माती कधीही घासू नये. तिच्या धुळीतली सिलिका फुप्फुसांना घातक असते, म्हणून दुरुस्ती ओल्या स्पंजानेच करावी. भट्टीत पहिले काही तास तापमान शंभर अंशांच्या आतच ठेवावे, नाहीतर उरलेल्या पाण्याची वाफ भिंत फोडते. ५७३ अंशांना मातीतले क्वार्ट्झ आपली रचना बदलते आणि फुगते, म्हणून त्याच्या आसपास चढताना आणि उतरताना दोन्ही वेळी वेग मंद असावा. साधारण १००० अंशांपर्यंत नेऊन भट्टी आपोआप थंड होऊ द्यावी आणि शंभराच्या खाली आल्याशिवाय दार उघडू नये. भट्टी मिळण्यासारखी नसेल तर याच आकृतीचा साचा घेऊन त्यात प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा पातळ थर फिरवून पोकळ प्रत काढता येते, पण इतक्या पातळ प्लॅस्टरचे हात फार लवकर मोडतात.

बाहेरून झिलई किंवा रंग देऊ नये. आतल्या बाजूला काळ्या आयर्न ऑक्साइडचे पाणी भाजण्याआधीच फिरवले तर पोकळी अधिक खोल वाटते. शिल्प बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, भिंतीपासून निदान मीटरभर पुढे मांडावे, म्हणजे मागे जायला वाट राहील, आणि प्रकाश समोरून एकाच दिव्याचा ठेवावा. शीर्षकात ‘बर्नआउट’ हा शब्द घालू नये. ‘सोमवार’ किंवा ‘दुपारचे सव्वाचार’ यांसारखे एखादे साधे नाव चालेल.