पीच कॉबलर, आणि ढवळायची खाज

जून-जुलैत इकडे अमेरिकेतल्या जॉर्जियात रस्त्याच्या कडेला पीचचे स्टॉल लागतात, आपण हौसेने टोपलीभर घेऊन येतो आणि तिसऱ्या दिवशी निम्मे मऊ पडलेले, मेअखेरीस आंब्याच्या अढीचं होतं ना अगदी तसंच. तेव्हा कॉबलर करायचा, म्हणजे फळं आणि पीठ एकत्र ओव्हनमध्ये भाजून केलेला गोड पदार्थ. केक जमत नाही म्हणणाऱ्यांनी तर आधी हाच करावा, बीटर नको, अंडं नको, आणि मुळात दिसतोच ओबडधोबड त्यामुळे बिघडला तरी पाहुण्यांना कळत नाही.

एका प्रकारात फळांवर बिस्किटाच्या पिठाचे गोळे टाकतात (इथलं बिस्किट म्हणजे पारले-जी नाही हं, मऊ, खारट, पावासारखं असतं). दुसऱ्यात वितळलेल्या बटरवर सैलसर पीठ ओतायचं, वर फळं, बाकी ओव्हन बघून घेतो. मी हाच करते कारण प्रमाण पाठ होतं, १ कप मैदा, १ कप साखर, १ कप दूध, त्यात २ छोटे चमचे बेकिंग पावडर, पाव छोटा चमचा मीठ. सेल्फ रायझिंग फ्लोअर असेल तर पावडर आणि मीठ दोन्ही नको, ते त्यात असतंच.

मध्यम आकाराचे ५-६ पीच घ्या. सीझनच्या सुरुवातीच्या पीचमध्ये गर बीला घट्ट चिकटलेला असतो, सोडवता सोडवता लगदा होतो, नंतर येणारे फ्रीस्टोन बरे, बी पटकन सुटते. उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट टाकून लगेच गार पाण्यात काढले की टोमॅटोसारखी साल निघते. कंटाळा आला तर सालासकट करा, काही बिघडत नाही. फोडींवर त्या कपातली पाव कप साखर, चमचाभर लिंबाचा रस आणि जायफळ, श्रीखंडात घालतो तेवढंच, इकडे दालचिनी घालतात पण मला ती फळाची चव खाऊन टाकते असं वाटतं. मग गॅसवर साखर विरघळून २-३ मिनिटं उकळेपर्यंतच ठेवा, जॅम करायचा नाहीये.

ओव्हन ३५० फॅरनहाइटला लावा, म्हणजे साधारण १७५-१८० सेल्सियस, आपल्याकडच्या ओटीजीलाही तेवढंच. ९ बाय १३ इंचाच्या डिशमध्ये एक स्टिक म्हणजे ११३ ग्रॅम बटर घालून ओव्हनमध्येच वितळू द्या. थोडं जास्त वेळ राहून लालसर झालं तर उलट छान, लोणी कढवताना येतो तसा वास सुटतो, फक्त काळं होऊ देऊ नका. तोवर मैदा, उरलेली साखर, दूध वगैरे भज्यांच्या पिठापेक्षा सैल कालवा, जास्त फेटू नका नाहीतर चिवट होतं.

गरम बटरवर पीठ सगळीकडे ओता, त्यावर फोडी रसासकट चमच्याने पसरा. आणि आता हात मागे घ्या! ढवळायचं नाही. बटर कडेने वर आलेलं, मध्ये पिठाचं तळं, वर फोडी तरंगतायत, हे बघून आपला हात शिवशिवतो, मी पहिल्या वेळी झाऱ्याने नीट एकजीव केलं होतं आणि जे झालं त्याला घरच्यांनी पीचचा शिरा म्हटलं. न ढवळता ठेवलं की फोडी जड म्हणून खाली बसतात, पीठ फुगून त्यांच्यामधून वर येतं आणि कडा बटरमध्ये जवळजवळ तळल्या जातात, सगळी मजा त्या कुरकुरीत कडांचीच आहे.

४०-५० मिनिटं लागतात. कडा चांगल्या तांबूस हव्यात, रस बुडबुडत असावा, मधल्या पिठात टूथपिक कोरडी निघावी. डिश लहान असेल तर खाली ट्रे ठेवा, रस उतू गेला की ओव्हन घासताना जीव जातो. बाहेर काढल्यावर १५-२० मिनिटं हात लावू नका, रस तेवढ्यात जरा दाटतो आणि जीभही भाजत नाही. मग व्हॅनिला आइसक्रीम.

फ्रोझन पीच आधी वितळवून पाणी निथळून घ्या. डब्यातले पाकातले असतील तर फळांची साखर वगळा. हापूसचा केला तर फोडी जरा कडक असतानाच घ्या आणि लिंबू थोडं वाढवा, पायरी मात्र नको, तिचा आमरसच करा. उरलेला कॉबलर दुसऱ्या दिवशी ओव्हनमध्येच १० मिनिटं गरम करा, मायक्रोवेव्हमध्ये कडा पार लिबलिबीत होतात.