झटका वेगळा, उशीर वेगळा : जुन्या डिझेल मर्सिडीजच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सबाबत या चुका टाळा

"गिअरबॉक्स गेला." जुनी ३००डी बाळगणाऱ्याला हे वाक्य कधी ना कधी ऐकावं लागतंच. न्यू जर्सीतल्या एका गॅरेजवाल्याने आमची १९८३ ची टर्बोडिझेल एक फेरी मारून आणली, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना धाडकन बसणारा झटका अनुभवला आणि गिअरबॉक्स उतरवून पूर्ण खोलायचा खर्च सांगितला. त्या पैशांत तशीच दुसरी गाडी आली असती. शेवटी दोष निघाला मागच्या दारात.

दाराचा आणि गिअरचा संबंध काय, हे कळलं की निम्म्या चुका आपोआप टळतात. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर झडप असते, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीत, व्हॅक्यूम आयता मिळतो. आमच्या गाडीच्या, म्हणजे मर्सिडीजच्या डब्ल्यू१२३ मालिकेतल्या या टर्बोडिझेलच्या, इंजिनात ती झडपच नाही, म्हणून पुढे वेगळा व्हॅक्यूम पंप बसवलेला असतो. त्या एकट्या पंपावर सगळं घर चालतं: ब्रेकचा बूस्टर, दारांची कुलपं, एसीच्या झडपा, किल्ली फिरवल्यावर इंजिन बंद करणारा डबा आणि गिअर किती जोरात पडायचा ते ठरवणारा गिअरबॉक्सचा मॉड्युलेटर. फ्युएल इंजेक्शन पंपावरचा एक व्हॉल्व्ह पाय जसा दाबाल तसा मॉड्युलेटरकडे जाणारा व्हॅक्यूम कमी करत नेतो. व्हॅक्यूम भरपूर असला की गिअर अलगद पडतो, कमी झाला की घट्ट पडतो. कुठे गळती असेल तर गिअरबॉक्सला वाटतं, चालकाने पेडल तळाला नेलंय. मग सिग्नलवरून हळू निघतानाही तो घणाचे घाव घालतो.

"शिफ्टिंग बिघडलंय" एवढंच सांगू नका

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. गिअर कसा पडतो आणि कधी पडतो, या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. झटका बसत असेल, किंवा उलट गिअर पडण्याआधी इंजिन क्षणभर मोकळंच ओरडत असेल, तर तपास व्हॅक्यूमच्या बाजूने करायचा. गिअर पडतो छान, पण फार उशिरा किंवा फार लवकर, तर ॲक्सिलरेटरच्या दांड्यांपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारी बाउडन केबल बघायची. तिचा ताण वाढवला की गिअर उशिरा पडतात, सैल केली की लवकर. झटका घालवायला केबल पिळणारे लोक मी पाहिलेत. झटका राहतोच, वर गाडी पंधराच्या वेगातच चौथ्यात जाऊन बसते.

दुसरी चूक म्हणजे थेट मॉड्युलेटर फिरवणं. रबरी टोपीखाली इंग्रजी टी अक्षरासारखा कान असतो, हाताला सहज सापडतो, म्हणून मोह होतो. उलटा फिरवला की झटका मऊ होतो आणि मालक खूश. पण गळती तशीच असते आणि आपण फक्त दाब उतरवलेला असतो. पुढे गळती बंद झाली की गिअर घसरायला लागतात, आणि घसरणारा गिअर क्लच जाळतो. मला विचाराल तर थोडा झटका परवडला, लोण्यासारखं शिफ्टिंग नको.

माग काढायची रीत

पहिली चाचणी फुकट आहे. इंजिन चालू असताना किल्ली बंद करा. जागच्या जागी थांबलं पाहिजे. आचके देत, रेंगाळत बंद होत असेल तर व्हॅक्यूम कमी पडतोय, गिअरबॉक्सकडे बघूही नका. त्यानंतर हातपंप असलेला व्हॅक्यूम गेज घ्या. चांगल्या पंपापाशी इंजिन आयडलला (पेडल न दाबता संथ) चालू असताना पाऱ्याचे २० इंच तरी दिसायला हवेत. तिथे नीट आणि पुढे कमी, तर एकेक फाटा बंद करत जायचं. अमेरिकेतले जुने मर्सिडीजवाले यासाठी नळीत गोल्फचा लाकडी टी खोचतात. खेळ कधी खेळलो नाही, पण टीची पिशवी माझ्या टूलबॉक्समध्ये कायम असते. चाळीस वर्षं इंजिनच्या उष्णतेत राहिलेले रबरी जोड चिरलेले असतातच. ते स्वस्त आहेत, सरसकट बदलून टाका.

मॉड्युलेटरची नळी काढून आत डोकवा. लाल तेल दिसलं तर आतला पडदा फाटलाय. ते तेल व्हॅक्यूम पंपाच्या वाटेने इंजिनात खेचलं जातं, म्हणून खाली थेंब न सांडता गिअरबॉक्सचं तेल कमी होत राहतं आणि लोक सील बदलत बसतात.

तेल तपासण्यातही गफलत होते. गाडी सपाट जागी, तेल पूर्ण गरम, लिव्हर पी वर आणि इंजिन चालू, तेव्हाचंच माप खरं. थंड तेलाची पातळी खालीच असते. ती बघून वर भरलं की गरम झाल्यावर तेल जास्त होतं, त्याला फेस येतो आणि गिअर घसरतात. डिपस्टिक पुसायला बनियनची चिंधी नको, तिचे धागे आत जातात. तेल बदलताना फक्त पॅन रिकामा केला तर बरंच जुनं तेल इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये उरतं. या गाड्यांत त्यालाही वेगळा ड्रेन प्लग आहे. इंजिन हाताने फिरवून तो बाहेरच्या कवचातल्या खिडकीसमोर आणावा लागतो. कंटाळवाणं काम आहे, पण करा.

गिअरबॉक्सचा नसलेला दोष

डी मध्ये टाकताना ठण्ण आवाज आला तर आधी आयडल बघा. मिनिटाला साडेसातशे फेऱ्यांच्या बराच वर असेल तर ठोका बसणारच. मग मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या रबरी चकत्या बघा. गाडी जड, मरगळलेली आणि गिअर उशिरा, तर मॅनिफोल्डवरून टर्बोच्या बूस्टचा दाब नेणारा पोकळ बोल्ट काजळीने बुजलाय का पाहा. इंजिनच्या व्हॉल्व्हचं अंतर दर १५,००० मैलांनी तपासायचं असतं, हे तर बहुतेकांच्या गावीही नसतं.

रिव्हर्स ठणठणीत, पण पुढे गाडी हलत नाही? इथे भंगारवाल्याला फोन लागतो. या चार गिअरच्या ७२२.३ गिअरबॉक्समध्ये बी२ नावाच्या ब्रेक-पट्ट्याचा पिस्टन गेला की नेमकं असंच होतं, आणि तो गिअरबॉक्स न उतरवता बदलता येतो.

काहीही करा, एका वेळी एकच बदल करा आणि चक्कर मारून वहीत लिहा. आमच्या वहीतली नोंद आहे: "दारांचा फाटा बंद केला, झटका गेला." मागच्या दाराच्या कुलपातला डायफ्रॅम फाटला होता. नवा येईपर्यंत आठवडाभर नळीत टी खोचलेला राहिला, आणि आम्ही चारही दारं हाताने एकेक लावत होतो.